घरी बांधलेल्या टू-सीटरला फुल इन्शुरन्स किती बसेल? (मारुती ८०० चं इंजिन, बेळगाव पासिंग)

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. उद्यमबागेत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप हाय, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो, फौंड्रीवाल्यांच्या ट्रॉल्या, स्टँड, मशीनचे गार्ड असली कामं. गेली अडीच वर्षं रविवारी आणि रात्री शटर ओढून घेऊन आम्ही दोघं एक गाडी बांधूलालोय. परदेशात किट कार म्हणतात तसली, दोन सीट, वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, बसल्यावर ढोपर रस्त्याला लागेल की काय इतकी खाली. फ्रेम पूर्ण आमची, एक इंची चौकोनी पाईप, सगळे जोड आम्हीच मारलेत. त्यासाठी २००७ ची मारुती ८०० घेतली ३८ हजाराला, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा सगळा सेट उचलून सीटच्या मागं बसवला. नाक आणि मडगार्ड फायबरचे, ते पिरनवाडीच्या एका कारागिराकडनं करून घेतले, तो एरवी देखाव्याची कामं करतो. शेजारच्या फौंड्रीच्या काट्यावर घातली तर ४७० किलो भरली. आतापर्यंत खर्च ३ लाख ८० हजार, आमची मजुरी धरलेली नाही.

आता प्रश्न. पावसाळा संपला की जांबोटीवरनं चोर्ल्यापर्यंत एकदा जाऊन यायचं असं आम्ही पहिल्या दिवसापासनं ठरवलेलं. म्हणून इन्शुरन्स विचारूलालोय. ८०० ची आरसी माझ्या नावावर हाय, रिन्यूअल केलेलं, २०२७ पर्यंत चालतंय. ऑनलाईन गाडी नंबर घातला की थर्ड पार्टी २,४७१ रुपये दाखवतंय, लगेच पैसे भरा म्हणतंय. पण मला फुल पायजे, चार लाखाचं, कारण गाडी जळली किंवा कुणी ठोकली तर एवढं आमचं सगळं जाईल. एक एजंट म्हणतो सतरा-अठरा हजार होतील, करून देतो. दुसरा म्हणतो थर्ड पार्टी घे आणि गप बस, कुणाला काय सांगू नको. दोघांतलं बरोबर कोण?

आणि हो, नंबर जुळावा म्हणून ८०० च्या इंजिनखोलीच्या मागच्या पत्र्यावर जो चासी नंबर ठोकलेला असतो तेवढा तुकडा कापून ठेवलाय, तो आमच्या फ्रेमला टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारून लावलाय. इंजिन नंबर तर तोच हाय. म्हणजे आरसीवरचे दोन्ही नंबर गाडीवर हायत. एवढं बास व्हावं असं वाटतंय. कुणाला अनुभव असला तर सांगा की ओ.

शहापूरचा_विमावाला

भावा, आधी गाडीबद्दल अभिनंदन, फोटो टाक. बावीस वर्षं मोटार इन्शुरन्सचं काम करतोय, तुझ्यासारखा प्रश्न पहिल्यांदाच आला, म्हणून नीट सांगतो.

तुझे दोन्ही आकडे हिशेबाने बरोबर आहेत. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, १ जून २०२२ पासून खाजगी गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७. तुझं इंजिन ७९६ सीसी, म्हणून २,०९४ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, झाले २,४७१. मालक-चालकाचं पंधरा लाखाचं अपघात कव्हर आधीचं नसेल तर ते वेगळं.

आता सतरा-अठरा हजार कुठून आले. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ओन डॅमेज, त्याचे जुन्या टॅरिफचे दर अजून पायासारखे धरतात, २००७ पासून कंपन्या त्यावर आपापली सूट देतात किंवा चढवतात. त्या टॅरिफमध्ये पुणे, बेंगळुरू, मुंबई वगैरे मोठी शहरं झोन ए आणि आपण सगळे झोन बी. झोन बी, १००० सीसीच्या आतली, दहा वर्षांपेक्षा जुनी, तिला ३.२६७ टक्के. चार लाखावर १३,०६८. त्यात थर्ड पार्टी मिळव, जीएसटी लाव, १७,८९१ येतात. म्हणजे त्या एजंटने कॅल्क्युलेटर बरोबर दाबलाय. पण चार लाख हा आकडा त्याने कुठून आणला ते त्याला विचार.

गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता असतो, पाचव्या वर्षी पन्नास टक्के कापतात. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला तक्ता नाही, कंपनी आणि मालक दोघांनी मिळून ठरवायची. ऐकायला चांगलं वाटतं, पण ठरवायची कशाची, तर आरसीवर लिहिलेल्या गाडीची, म्हणजे २००७ च्या मारुती ८०० ची. ती कोण चार लाखाची धरेल? पन्नास-साठ हजार धरतील. साठ हजारावर सगळं मिळून ४,७८४ होतात. आणि समजा कुणी चार लाख लिहून दिलेच, तरी क्लेमच्या दिवशी सर्व्हेअर येऊन ८०० शोधणार. ती त्याला दिसणार नाही. तू अठरा हजार भरलेस म्हणून कंपनीने तुझी गाडी मान्य केली असं होत नाही, कंपनीने कागदावरची गाडी मान्य केली.

शिवाय फायबरच्या पार्टला दुरुस्तीच्या क्लेममध्ये तीस टक्के घसारा कापतात आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याला पन्नास टक्के. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी हातात निम्मंच.

दुसऱ्या एजंटचं, गप बस म्हणणाऱ्याचं, अजिबात ऐकू नकोस. इन्शुरन्समध्ये लपवलेली गोष्ट ही पॉलिसी मोडायचं सगळ्यात सोपं कारण असतं.

निपाणीचा_पंड्या

आमच्याकडे कोगनोळीच्या पलीकडे गेलं की कागल, तिथं ओळख असली तर काम होतंय असं ऐकून हाय. एमएच ०९, कोल्हापूर पासिंग, करून घे की गाडी. नाहीतर गोवा. तिकडं अशा उघड्या गाड्या लई फिरत्यात. इकडंच कर्नाटकात कशाला अडकतोस.

शहापूरचा_विमावाला

पंडू, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, हद्द ओलांडली म्हणून कलम बदलत नाही. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ही सवयच लागलीय, इकडे नाही झालं तर तिकडे. पेट्रोल भरताना ठीक, इथे नाही चालत. आणि बेळगावात राहून एमएच ०९ कायमची ठेवायची म्हटलं तर बारा महिन्यांच्या पुढे कर्नाटकात नोंदवून घ्यावीच लागते. म्हणजे फिरून परत आपल्याच आरटीओत.

जांबोटी_जीप

उद्यमबागवाले, माझं ऐका, कारण मी यातनं गेलोय.

माझ्याकडं महिंद्राची एमएम ५४० जीप होती. खानापूर तालुक्यात आमच्या वाटेला पावसाळ्यात दुसरी गाडी टिकत नाही. तिचं मूळचं इंजिन पुजोचं, २११२ सीसी डिझेल, ते २०२० ला बसलं. पार्ट मिळंनात. मग मिस्त्रीनं २५२३ सीसीचं डीआय इंजिन बसवलं, त्याच कंपनीचंच, गाडी अशी पळाय लागली की काय सांगू, जांबोटीचा चढ तिसऱ्यात. आरसीवर एंट्री करायची राहिली. राहिली म्हणजे काय, केली नाही. दरवर्षी फुल इन्शुरन्स काढत होतो, अडीच लाख किंमत, ओन डॅमेजवर चाळीस टक्के सूट देऊन सगळं मिळून १५,६८० च्या आसपास. चार वर्षं एक दिवस चुकवला नाही. क्लेम एकही नाही, त्यामुळं मी स्वतःला लई सेफ समजत होतो.

मग एका जुलैत रात्री कणकुंबीकडनं येताना धुक्यात मोरीत गेली. आम्ही दोघं होतो, देवाच्या दयेनं खरचटण्यावर निभावलं. चासी वाकली, पुढचा अ‍ॅक्सल गेला, रेडिएटर इंजिनात शिरला. तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. चांगला माणूस, चहा घेतला, माझ्या आईशी बोलला. मग खिशातनं एक फडकं काढलं, डिझेलमध्ये बुडवलं आणि इंजिनच्या बाजूचा चिखल पुसाय लागला. आधी जोरात, मग हळू, मग बोटानं एकेक आकडा चाचपून वाचत होता आणि दुसऱ्या हातात आरसीची झेरॉक्स. मी शेजारी टॉर्च धरून उभा. तो काय बोलला नाही. मलाच कळलं.

पत्र आलं महिन्याभरानं. इंजिन नंबर जुळत नाही, बदलाची माहिती दिली नाही, क्लेम नाकारला. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. मी दोन लाख दहा हजाराचं काम पदरचं करून घेतलं, बैलजोडी विकून.

आणि भावा माझं तर नुसतं इंजिन बदललेलं. चासी तीच, बॉडी तीच, कंपनी तीच. परवानगी मागितली असती तर मिळाली असती, आता नंतर मिळालीही. तुझ्या गाडीत तर ८०० कुठं शिल्लक हाय?

उद्यमबागवाला

जीपवाले दादा, वाचून अंगावर काटा आला. जीव वाचला हे मोठं.

पण एक विचारतो, राग नको. तुमचा इंजिन नंबर जुळला नाही म्हणून नाकारलं. माझे दोन्ही नंबर जुळतात. इंजिन ८०० चंच, आणि चासी नंबरचा मूळ पत्रा मी फ्रेमला लावलाय, खोटा नंबर ठोकलेला नाही, खरा मारुतीनं ठोकलेला तुकडा हाय. मग सर्व्हेअरला जुळत नाही म्हणायला जागा कुठं? पंजाब-हरियाणाकडच्या डबवालीत बांधलेल्या जीप येतात की आपल्याकडं, मिलिटरी डिस्पोजलची चासी, नवीन टब, नवा रंग, त्या चालतात रस्त्यावर, इन्शुरन्सपण होतो.

मोटारखाते_निवृत्त

मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे, गोकाकला असतो. तुम्ही हे उघडपणे लिहिलंत म्हणून उघडपणे सांगतो. तो तुकडा आजच काढा.

जीप आणि ८०० यात जो फरक आहे तो तुम्ही वेल्डिंगवाले आहात म्हणून तुम्हाला एका वाक्यात कळेल. जीपला वेगळी चासी असते, दोन लांब पट्ट्या आणि आडव्या कैच्या, नंबर त्या चासीवर ठोकलेला. टब बदलला, दारं काढली, तरी नंबर ज्या लोखंडावर ठोकला ते लोखंड गाडीखाली आहेच. म्हणून लोक पूर्वीपासून जीपच बांधत आले, ८०० कुणी बांधली नाही. त्यातही आरसीवरचं वर्णन बदललं तर परवानगी लागतेच, डबवालीची प्रत्येक जीप बरोबर असते असं समजू नका, त्यातल्या कित्येकांच्या कागदावर वेगळीच गाडी असते आणि ते मालकाला ठोकर बसल्यावर कळतं.

८०० ला वेगळी चासीच नाही. मोनोकॉक. तो सगळा पत्र्याचा डबा हीच तिची चासी. तुम्ही डबा कापलात तेव्हा ती गाडी संपली. आता त्या डब्याचा तळहाताएवढा तुकडा दुसऱ्या फ्रेमला लावला तर ती ८०० होत नाही, तो एका गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीला लावल्याचा प्रकार होतो. चोरीच्या गाड्यांवर नेमकं हेच करतात. तुमच्या मनात चोरी नाही हे मला दिसतंय, पण चेकपोस्टवर कडेने मारलेला टॅक बघणाऱ्याला तुमचं मन दिसणार नाही. आम्ही तपासणीला गाडी आली की पहिला प्रश्न हाच विचारायचो, चासी नंबर एल्ली ऐत्री, म्हणजे कुठे आहे, आणि मग आकडे वाचायच्या आधी आकड्यांच्या भोवतीचा पत्रा बघायचो. रंग फुगलाय का, ग्राइंडर फिरलाय का, पत्र्याची कड कुठे संपते. ते पोलीस केसचं काम आहे, दंडाचं नाही.

कलम ५२ असं आहे की कंपनीने मूळ जे स्पेसिफिकेशन दिलं त्याच्यापासून आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी किट, इलेक्ट्रिक किट अशा मान्यताप्राप्त गोष्टी आणि परवानगीने इंजिन बदल हे अपवाद. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि नवीन गाडी म्हणून नोंदवायची तर नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासून घ्यावा लागतो, पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई वगैरे, ब्रेक, धूर, दिवे, धडक सगळं. ती व्यवस्था कारखान्यांसाठी आहे, एकुलत्या एका गाडीचा खर्च दोघा भावांना पेलणारा नाही. फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म ही टू-सीटर आपल्या रस्त्यावर फिरली ती एक कंपनी म्हणून मान्यता घेऊन.

वडगावची_कोव्हेंट्रीत

मी वडगावची, सध्या इंग्लंडात कोव्हेंट्रीला. विषय बघून राहवलं नाही, कारण आमच्या शेजारच्या आजोबांनी गॅरेजमध्ये अशीच गाडी बांधली आणि मी दोन वर्षं खिडकीतून बघत होते. इकडे लोटस सेव्हन ही किट कार १९५७ पासून, तेव्हा गाडी सुट्या भागांत घेतली तर टॅक्स लागत नसे म्हणून लोक घरी जोडायचे, मग १९७३ ला केटरहॅमने तिचे हक्क घेतले, ते अजून खोक्यातून किट विकतात.

तुमचा जो प्रश्न आहे तो इकडे सुटतो कसा, तर इकडे एकेका गाडीची तपासणी होते. आयव्हीए म्हणतात. तुम्ही बांधलेली एकच गाडी घेऊन जायचं, ते आरशाच्या कडेपासून सीटबेल्टच्या बोल्टपर्यंत सगळं बघतात, आजोबांची पहिल्यांदा नापास झाली होती कारण डॅशबोर्डखाली एक धारदार कड राहिली होती. पास झाली की तिला तिचा स्वतःचा नंबर. जुन्या गाडीचे पार्ट मिसळलेले असले आणि वय ठरवता येत नसलं तर क्यू अक्षराने सुरू होणारी पाटी. म्हणजे जुन्या गाडीचा नंबर ओढून आणावा लागतच नाही.

आणि त्यामुळेच इन्शुरन्स सोपा. वर्षाला तीन हजार मैलांच्या आत चालवणार, रात्री कुलूपबंद गॅरेजमध्ये ठेवणार असं लिहून दिलं, म्हणून त्यांचा हप्ता त्यांच्या रोजच्या साध्या गाडीपेक्षा कमी आहे. किंमत अ‍ॅग्रीड व्हॅल्यू, म्हणजे सगळ्या पावत्या आणि फोटो देऊन आधीच ठरवलेली, क्लेमला तीच मिळणार. बांधत असतानाच्या काळासाठीसुद्धा आग आणि चोरीचं कव्हर मिळतं, गाडी अजून स्टँडवर असताना. तुम्ही चार लाखाचं जे मागताय ते इकडच्या माणसाला मिळतं ते या तपासणीमुळे, इन्शुरन्स कंपनी उदार आहे म्हणून नाही. आपल्याकडे हातात एवढं कसब असलेली माणसं उद्यमबागेत गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची एकुलती एक गाडी तपासून घ्यायला खिडकीच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पावत्या आणि फोटो मात्र तुम्हीही जपून ठेवा, अगदी पाईपच्या बिलापासून.

उद्यमबागवाला

काल रात्री सगळे रिप्लाय भावाला वाचून दाखवले. तो काय बोलला नाही, ग्राइंडर घेतला आणि टॅक तोडले. तुकडा आता टेबलावर हाय. साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, आम्हाला खरंच वाटत होतं की मूळ पत्रा लावणं हाच प्रामाणिकपणा.

आता दोन गोष्टी सांगा. एक, त्या ८०० च्या आरसीचं काय करायचं, तिचा डबा तर भंगारात गेला. दोन, थर्ड पार्टी २,४७१ भरून नुसतं शॉपपासनं पिरनवाडीपर्यंत सकाळी पाच वाजता नेऊन आणली तर? रस्ता मोकळा असतो, भाऊ पुढं मोटारसायकलवर. चोर्ला राहू दे. नाहीतर जत्रेचं मैदान असतं रिकामं, तिथं.

मोटारखाते_निवृत्त

आरसीबद्दल, गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापराबाहेर गेली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी परत करायची असते, कलम ५५. उशीर झालाय, तरी जा. अर्जात गाडी कापली, भंगारात दिली, इंजिन स्वतःकडे ठेवलं हे जसं घडलं तसं लिहा आणि तो नंबरचा तुकडा सोबत न्या. भंगारवाल्याची पावती असली तर जोडा.

शहापूरचा_विमावाला

दुसऱ्याचं मी सांगतो. सकाळी पाच वाजता असं म्हणू नकोस भावा. पाच वाजता दूधवाले असतात, फिरायला निघालेली म्हातारी माणसं असतात, फौंड्रीची नाईट शिफ्ट सुटलेली असते.

थर्ड पार्टी २,४७१ ला मिळते म्हणून लोक तिला कागद समजतात. समोरचा माणूस गेला किंवा जखमी झाला तर त्या पॉलिसीत भरपाईला मर्यादा नाही, ट्रायब्युनल, म्हणजे अपघात भरपाईचं कोर्ट, ठरवेल तेवढी, मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखापर्यंत. एवढा बोजा कंपनी २,०९४ रुपयांत उचलते ते मारुती ८०० साठी. तू दुसरीच गाडी चालवलीस हे कोर्टात निघालं तर कंपनी हात झटकू बघणार, किंवा कोर्ट म्हणेल आधी त्या कुटुंबाला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे वीस-तीस लाखाची वसुली तुझ्या शॉपवर, तुझ्या भावाच्या हिश्श्यावर. आणि आता आरसी परत करतोयस म्हटल्यावर ती पॉलिसी काढायचा प्रश्नच उरला नाही. विनाविमा दंड पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा चार हजार, पण दंडाला कोण घाबरतंय, मी ट्रायब्युनलला घाबरतो.

जत्रेचं मैदानही नको. कायद्यात पब्लिक प्लेस म्हणजे नुसता डांबरी रस्ता नाही, लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा. कंपाउंड घातलेली खाजगी जागा, गेट बंद, मालकाची लेखी परवानगी, तिथे चालव. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या बाहा स्पर्धेच्या बग्ग्या असतात, त्या कशा टेंपोत घालून नेतात, इंदूरजवळ पिथमपूरपर्यंत, तसं तूही टेंपोत घालून कोल्हापूरकडच्या कार्टिंग ट्रॅकवाल्यांना विचार, आत घेतात का.

आणि चार लाखाचं तुझं जे मूळ दुखणं आहे, त्यातल्या आगीपुरती एक वाट सुचते. तुमच्या शॉपची फायर पॉलिसी आहे का? एका जागेची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या धंद्याला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरलेली पॉलिसी असते, २०२१ पासून. त्यात मशिनरी, स्टॉकसोबत ही गाडी, रस्त्यावर न जाणारं, नोंदणी नसलेलं, स्वतः बनवलेलं यंत्र म्हणून वेगळी ओळ टाकून, किंमत आणि पावत्या जोडून कंपनीला लेखी विचारायचं. तोंडी हो म्हटलेलं धरायचं नाही, पॉलिसीच्या कागदावर ती ओळ छापून आली तरच. दर मोटारीपेक्षा कितीतरी कमी बसतो.

जांबोटी_जीप

आमच्याकडं काजूची बाग हाय, चौदा एकर, कुंपण घातलेलं, आत ट्रॅक्टरचा मुरमाचा रस्ता आहे वळणावळणाचा, सव्वा किलोमीटर भरंल. गेट बंद करून फिरवा दिवसभर. लेखी परवानगी मी देतो. खाली लागेल तुमची गाडी, आधी येऊन दगड बघून जा.

उद्यमबागवाला

दादा, काय बोलू. दिवाळीनंतरच्या रविवारी येतो, आधी एकटा येऊन दगड वेचतो.

अपडेट देतो सगळ्यांना. आज आरटीओत जाऊन आलो, अर्ज कन्नडमध्ये शेजारच्या दुकानदाराकडनं लिहून घेतला, तुकडा कागदात गुंडाळून नेला. साहेबांनी तो हातात घेतला, उलटा केला, कड बघितली, मग माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, फ्रेमला लावला होता तेपण सांगितलं. त्यांनी अर्जात तेवढी एक ओळ वाढवायला लावली आणि घेतला. पुढची तारीख दिलीय.

फायर पॉलिसीवाल्यांना मेल केला, शॉपची यादी, गाडीचे चौदा फोटो आणि पावत्या, पाईपचं पहिलं बिल सापडलं, ८,४०० रुपयांचं, भावानं आईच्या औषधाच्या फाईलमध्ये ठेवलं होतं. उत्तर आलं की इथंच टाकतो.

आणि विमावाले काका, फोटो मागितला होतात. नाक अजून रंगवलेलं नाही, तसाच टाकतोय.